गव्हाणीतून कासेपर्यंत

(गोशाळा चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



कालपासून या वर्गात गोमातेचे धार्मिक, सांस्कृतिक आणि आर्थिक महत्त्व विशद करणारी व्याख्याने झाली. त्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येथे बसलेली आहेत. माझा तो अधिकार नाही. माझे आयुष्य जनावरांचे पोट आणि कास तपासण्यात गेले. म्हणून संयोजकांना मी म्हटले, मला एकच प्रश्न द्या. गाय दूध देते म्हणजे नेमके काय करते? त्यातही दुधातील प्रथिन ती कोठून आणते?

प्रश्न पुस्तकी वाटेल. तो तसा नाही, हे सांगण्यासाठी एक प्रसंग सांगतो. गोशाळेचे नाव सांगत नाही, कारण तेथील मंडळी सज्जन होती आणि आहेत. गोठा स्वच्छ, रोज सकाळी आरती, प्रत्येक गाईला नाव. गाई गीर जातीच्या. काही दिवस डेअरीकडून तक्रार येऊ लागली, की दुधाचा एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश वगळता उरणारे घनपदार्थ, कमी भरतात. दर कापला गेला. मग स्वाभाविकपणे संशय धार काढणाऱ्या माणसावर गेला. पाणी घालतो म्हणून त्याला कामावरून काढण्याचे ठरले. वीस वर्षे त्या गोठ्यात राबलेला माणूस. मला बोलावले होते ते एका गाईच्या उपचारासाठी. जाता जाता उतारे पाहिले, तर एक गोष्ट खटकली. स्निग्धांश उत्तम होता. पाणी घातले असते तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरायला हवेत; येथे एकच उतरला होता. दुसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष धार काढली, दूध थेट सीलबंद बाटलीत घेतले आणि तपासले. आकडा तोच आला. पाणी कोणी घातले नव्हते. कासेतूनच दूध तसे येत होते.

मग मी गव्हाणीत हात घातला. कडबा होता, भरपूर होता. गूळ होता. श्रद्धाळू मंडळींनी आणून दिलेल्या पोळ्या होत्या. हिरवा चारा नव्हता, पेंड तीन महिन्यांपासून बंद होती, कारण देणग्या आटल्या होत्या. चोर माणूस नव्हता, चोर गव्हाण होती. त्या माणसाची नोकरी वाचली, पण आपण सारे किती सहज एका गरिबाला दोषी ठरवून मोकळे होत होतो, ही बोच मला आजही आहे.

आता त्या गव्हाणीपासून कासेपर्यंतचा रस्ता पाहू.

कास ही टाकी नव्हे

आपल्या मनात कासेचे चित्र एखाद्या पिशवीसारखे असते. दूध कोठून तरी येऊन तेथे साठते आणि आपण ते काढून घेतो. वस्तुस्थिती तशी नाही. कासेत द्राक्षाच्या घडांसारख्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच थर असतो आणि बाहेरून केशवाहिन्यांचे जाळे. रक्त बाहेरून वाहते, पेशी त्यातून कच्चा माल उचलते, आत दूध घडवते आणि पिशवीत सोडते. एक लिटर दूध घडण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त वाहावे लागते. म्हणजे दिवसाला पाच लिटर दूध देणाऱ्या गाईच्या कासेतून दोन ते अडीच हजार लिटर रक्त फिरते. अर्थात तेच ते रक्त पुन्हा पुन्हा.

आपले जुने जाणकार शेतकरी बाजारात गाय पारखताना पोटाखालून पुढे जाणारी जाड, नागमोडी शीर पाहत. बोटाने चाचपून पाहत. कोणत्याही महाविद्यालयात न शिकता त्यांना कळले होते, की जेथे रक्ताची ये-जा मोठी तेथे दूध मोठे. कासेतून काम आटोपून परतणारे रक्त वाहून नेणारी ती शीर आहे.

याच शिरेने शास्त्रज्ञांनाही वाट दाखवली. कासेकडे जाणाऱ्या धमनीतील रक्त घ्या आणि परतणाऱ्या या शिरेतील रक्त घ्या. दोन्हींतील एखाद्या घटकाचे प्रमाण मोजा. जो फरक पडला तो कासेने उचलला. तो फरक रक्ताच्या प्रवाहाने गुणला, की कासेने दिवसभरात किती माल घेतला याचा हिशेब मिळतो. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ बॅब्रहॅम येथील संस्थेत लिन्झेल यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेळ्यांवर या पद्धतीने दीर्घ काळ काम केले. शेळीची कास शस्त्रक्रियेने मानेवर नेऊन बसवली, तरी ती तेथे दूध देत राहिली, हेही त्यांनी दाखवले. जुन्या जागेच्या मज्जातंतूंशी संबंध तुटला, तरी रक्त मिळत होते, आणि कासेला हवे असते ते रक्तच.

येथेच एका गैरसमजाचा उल्लेख करतो. धार काढण्यापूर्वी इंजेक्शन टोचण्याची वाईट सवय अनेक गोठ्यांत शिरली आहे. त्या ऑक्सिटोसिनने दूध वाढते असे समजले जाते. ते पिशव्यांभोवतीचे तंतू आवळते, म्हणजे पान्हा सोडवते. घडलेले दूध बाहेर काढते. घडवत काही नाही. वासराने ढुशी दिली की तेच रसायन गाईच्या शरीरात आपोआप स्रवते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

प्रथिनाचे वीस मणी

गाईच्या दुधातील प्रथिनापैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. दही लागते, पनीर होते ते यामुळे. उरलेले २० टक्के निवळीत राहते. या साऱ्यातील थोडासा भाग, उदाहरणार्थ रोगप्रतिकारक प्रथिने, रक्तातून जसाच्या तसा येतो. बाकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिन कासेच्या पेशी स्वतः घडवतात. रक्तातील तयार प्रथिन उचलून दुधात ओतणे असा सोपा व्यवहार नाही. रक्तात विरघळलेली सुटी अमिनो आम्ले उचलायची आणि ठरलेल्या क्रमाने ओवायची, असा तो व्यवहार आहे.

माळेची उपमा देतो. वीस प्रकारचे मणी आहेत. केसीनची माळ कोणत्या क्रमाने ओवायची हे गाईच्या जनुकात लिहिलेले आहे. त्यात बदल करता येत नाही. पाचवा मणी लायसीनचा हवा असेल आणि तो संपला असेल, तर तेथे दुसरा मणी चालत नाही. ओवणे थांबते. बाकीचे एकोणीस प्रकारचे मणी ढिगाने पडलेले असले, तरी थांबते.

हे गृहिणींना अधिक सहज कळेल. आपल्या पूर्वजांनी भाताबरोबर वरण, भाकरीबरोबर पिठले, खिचडीत डाळ असा मेळ घातला. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसीन कमी. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. जो नियम मुलाच्या ताटाला, तोच गाईच्या कासेला. दुभत्या गाईच्या बाबतीत लायसीन आणि मेथिओनिन हे दोन मणी बहुधा आधी संपतात, हे अमेरिकेत श्वाब यांनी १९७६ साली प्रयोगाने दाखवले. फ्रान्समध्ये पुढे या दोहोंचे प्रमाण किती असावे याची कोष्टकेच तयार झाली.

कासेचा या मण्यांशी व्यवहार फार चोख आहे. मेथिओनिन, हिस्टिडिन, फेनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन ही जवळजवळ जेवढी उचलली तेवढीच दुधात उतरतात. पण ल्युसिन, व्हॅलिन, आर्जिनिन यांसारखी आम्ले कास गरजेपेक्षा बरीच जास्त उचलते. जादा माल ती मोडते आणि त्यातील नायट्रोजन वापरून जी आम्ले रक्तातून पुरेशी मिळत नाहीत ती स्वतः बनवते. केसीनमध्ये प्रोलिन पुष्कळ लागते; त्यासाठी आर्जिनिन मोडले जाते. चांगल्या सुगरणीच्या घरात काही वाया जात नाही, तसा हा कारभार आहे.

आणि कास केवळ वाट पाहत बसत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेळ्यांना हिस्टिडिन मुद्दाम कमी पडेल अशी योजना केली होती. काय झाले असेल? दूध एकदम आटावयास हवे होते. तसे झाले नाही. कासेने आपल्याकडे येणारा रक्तप्रवाह सुमारे एक तृतीयांशाने वाढवला आणि रक्तातून हिस्टिडिन ओढून घेण्याची पेशींची क्षमता कितीतरी पटींनी वाढवली. त्याच वेळी जी आम्ले मुबलक होती ती उचलण्याचे प्रमाण तिने कमी केले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो. आई स्वतः अर्धपोटी राहून पिलाचे दूध टिकवते असे आपण भावनेने म्हणतो. ते प्रयोगशाळेत मोजता येते, हे मला तेव्हा कळले.

पण त्या टिकवण्याला मर्यादा आहे. जे रक्तातच नाही ते ओढून आणणार कोठून? शिवाय ते गाईच्या स्वतःच्या स्नायूंतून येत असते. दुभत्या गाईच्या फासळ्या मोजता येतात, त्या याच कारणाने.

प्रथिन हवे, पण आधी शक्ती हवी

अनेकांचा समज असा, की दुधातील प्रथिन वाढवायचे तर पेंड वाढवा, झाले. अर्धे खरे आहे. मणी ओवायला शक्ती लागते आणि ओवण्याची आज्ञाही लागते. पेशीच्या आत एक कळ असते. अमिनो आम्ले पुरेशी आहेत, शक्ती पुरेशी आहे, इन्सुलिनचा निरोप आलेला आहे, असे झाले की ती कळ दाबली जाते आणि प्रथिनाचे काम वेगाने सुरू होते. शास्त्रज्ञ तिला एमटॉर म्हणतात.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९९०च्या दशकात एक लक्षणीय प्रयोग झाला. चांगले खाणाऱ्या, चांगले दूध देणाऱ्या गाईंना इन्सुलिन दिले. रक्तातील साखर उतरू नये म्हणून त्याच वेळी ग्लुकोजही शिरेतून देत राहिले. त्याच्या जोडीला केसीन थेट चौथ्या पोटात सोडले, तेव्हा दुधातील प्रथिन दिवसाला सुमारे पाव हिस्स्याने वाढले. म्हणजे त्या गाईंची कास आधी पूर्ण क्षमतेने काम करीतच नव्हती. क्षमता होती, माल आणि निरोप कमी पडत होता. असे इंजेक्शन द्यावे असे मी मुळीच सुचवत नाही, आणि कोणी देऊ नये. पण यातून कळते ते हे, की गाईचे शरीर सुस्थितीत आहे, खाणे पुरेसे आहे, अशी खात्री झाल्यावर कास हात मोकळा सोडते.

दुसरी बाजूही आहे. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजपासून बनते. एक किलो दुधामागे सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज कासेला लागते. लॅक्टोज आपल्याबरोबर पाणी ओढते, म्हणून दूध किती लिटर होणार हे मुख्यतः त्यावर ठरते. गंमत अशी, की गाईच्या आतड्यातून साखर रक्तात फारशी येतच नाही. ती तिचे यकृत बनवते आणि त्यात साखर कमी पडली, की अमिनो आम्लेही मोडून त्यासाठी वापरली जातात. घरात सरपण संपले म्हणून दारे-खिडक्या जाळण्यासारखे हे आहे. महागाची पेंड घालता, पण बाकी खुराकात शक्ती नाही, तर त्या पेंडीतील प्रथिनाची राख होते.

त्या गोशाळेत फॅट चांगला आणि एसएनएफ खाली का होता, हे आता लक्षात येईल. उपाशी गाय अंगावरची चरबी वितळवते आणि ती दुधात उतरते, म्हणून फॅट टिकतो, कधी वाढतोही. प्रथिनासाठी असा मोठा साठा शरीरात नसतो, म्हणून ते उतरते. विलेल्या गाईचा फॅट अचानक चढला आणि एसएनएफ उतरला तर आनंद मानू नका. गाय आतून झिजते आहे, असा त्याचा अर्थ घ्या आणि वैद्यकाला बोलवा.

आणखी एक खूण सांगून ठेवतो. कासदाह झाला, मग तो बाहेरून दिसत नसला तरी, केसीन घटते आणि त्याच्या जागी रक्तातील प्रथिने गळून दुधात मिसळतात. यंत्रावर प्रथिनाचा आकडा फारसा हलत नाही. पण दही नीट लागत नाही, पनीर कमी पडते. घरातील आजी म्हणते, हल्ली दही बसत नाही. आजीचे ऐकावे.

कोटीपोटातील प्रजा

आता गव्हाणीकडे परत येतो, कारण सारे तेथेच ठरते. गाय जे खाते ते प्रथम तिचे नसते. चार कप्प्यांच्या पोटातील पहिला, कोटीपोट, हा जीवाणूंनी भरलेला हौद आहे. चाऱ्यातील बरेचसे प्रथिन हे जीवाणू मोडतात, त्यातून अमोनिया होतो आणि त्या अमोनियापासून ते स्वतःचे शरीर घडवतात. पुढे हेच जीवाणू वाहून आतड्यात जातात आणि पचतात. लहान आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनापैकी निम्मे किंवा त्याहून अधिक असे जीवाणूंचे असते. आणि या जीवाणूंच्या प्रथिनातील लायसीन-मेथिओनिनचा मेळ दुधाच्या प्रथिनाशी चांगलाच जुळतो. म्हणून म्हणतो, गाईला पोसायचे तर आधी तिच्या पोटातील प्रजा पोसा.

ती प्रजा कशाने पोसते? तिला नायट्रोजन हवा आणि त्याच वेळी शक्ती हवी. चाऱ्यात साधारण ७ टक्क्यांहून कमी प्रथिन असेल, तर जीवाणूच उपाशी राहतात, चारा पचत नाही, आणि पोट भरलेले दिसूनही गाय कमी खाते. ज्वारीच्या कडब्यात प्रथिन ४ ते ५ टक्के, भाताच्या पेंढ्यात ३ ते ४ टक्के. हिशेब करून पाहा. गाय दिवसाला आठ किलो कोरडा कडबा खाते असे धरू. त्यातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास प्रथिन मिळाले. तिने पाच लिटर दूध दिले तर त्यात सुमारे १६५ ग्रॅम प्रथिन गेले. खाल्लेल्या प्रथिनापैकी साधारण चौथा हिस्सा दुधात उतरतो. म्हणजे तिच्या पोटात साडेसहाशे ग्रॅम जायला हवे होते. निम्मेच गेले. उरलेले तिच्या अंगातून गेले.

पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने सुरू झाले की उसाचे वाढे फुकट किंवा स्वस्त मिळते आणि गोठेच्या गोठे त्यावर निघतात. वाढ्यात प्रथिन कमी, आणि त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यावर दुभती गाय ठेवू नये. घालायचेच तर त्याबरोबर लसूणघास, चवळी, दशरथ घास, शेवरी यांपैकी काही आणि खनिज मिश्रण असावे. सुबाभूळ चांगले, पण एकूण चाऱ्याच्या तृतीयांशाहून अधिक नको. पेंडीतही फरक आहे. शेंगदाण्याच्या पेंडीत प्रथिन ४० टक्क्यांहून अधिक, पण त्यात लायसीन आणि मेथिओनिन दोन्ही बेताचे. मक्यातही लायसीन बेताचे. मका आणि शेंगपेंड एवढ्यावरच आंबोण भागवले तर दोन्हीकडून तोच मणी कमी पडतो. सरकीबरोबर थोडी सोयाबीनची पेंड मिसळली तर मेळ सुधारतो. त्याच पैशात.

कडबा किंवा गव्हाचा भुसा सुधारण्याचा एक जुना, स्वस्त मार्ग आहे. १०० किलो कोरड्या चाऱ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून झाकायचा आणि २१ दिवसांनी उघडायचा. काढल्यावर वास जाईपर्यंत पसरून ठेवायचा, हळूहळू सवय लावायची आणि लहान वासरांना द्यायचा नाही. हे पहिल्यांदा करताना पशुवैद्यक जवळ असू द्या, कारण न विरघळलेला युरिया विष आहे.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ नंतर राष्ट्रीय दुग्ध योजनेत गावोगाव असा संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. एकेका गाईचे वजन, दूध आणि गावात मिळणारा चारा पाहून तिचे ताट ठरवायचे, अशी ती पद्धत होती. या योजनेबद्दल आपल्या मंडळींत फार कमी बोलले गेले. गोहत्याबंदीवर आपण जेवढे बोललो त्याच्या दशांशानेही नाही. २०१५च्या कायद्याने बैल आणि वळूंनाही संरक्षण मिळाले, हे योग्यच झाले. पण कायदा सुरी अडवतो, गव्हाण भरत नाही. ते काम आपल्यावर आले आणि आपल्यापैकी पुष्कळांची त्यासाठी तयारी नव्हती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी गोपूजनापेक्षा गोपालनावर भर दिला, तेव्हा अनेकांना ते रुचले नाही. मला स्वतःला पूजा सोडावी असे वाटत नाही. पण गव्हाणीपाशी उभा राहिलो की त्यांचा मुद्दा खोडून काढता येत नाही.

ए-टू विषयी दोन शब्द

प्रश्नोत्तरात हे येणारच, म्हणून आधीच बोलतो. गाईच्या दुधातील बीटा-केसीनच्या माळेत ६७ व्या जागी एक मणी आहे. तेथे प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. आपल्या देशी गोवंशात बहुतांशी ए-टू आढळते आणि म्हशीच्या दुधातही ए-टूच असते, हे सहसा कोणी सांगत नाही. हे जनुकाने ठरते. खुराकाने ए-वनचे ए-टू होत नाही, आणि उपाशी गीर गाईचे दूध ए-टू असले तरी त्यात प्रथिन कमीच असते.

ए-वन दुधाने अमुक रोग होतात, हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली पुरावे तपासून तसा कार्यकारणसंबंध आढळला नाही असे म्हटले. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ए-वन, ए-टू असे दावे वेष्टनावरून काढण्यास सांगितले आणि काही दिवसांतच ती सूचना मागे घेतली. माझे मत असे, की देशी गाय टिकवण्यासाठी आपल्याला या आधाराची गरज नाही. ती आपले ऊन सोसते, आपला रोग सोसते, निकृष्ट चाऱ्यावर तग धरते. एवढे पुरेसे आहे. उद्या एखादा दावा खोटा ठरला तर त्याबरोबर आपली खरी बाजूही लोक हसण्यावारी नेतील.

एक गोष्ट मात्र कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. खिल्लार ही ओढकामाची जात आहे. तिच्याकडून गीरसारख्या दुधाची अपेक्षा करू नये आणि कमी दूध देते म्हणून तिला कमी लेखू नये. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला या प्रत्येकीचे काम आणि प्रदेश वेगळा. प्रत्येकीचे ताट वेगळे.

घरी गोग्रास काढणाऱ्या माता-भगिनींनाही एक विनंती. वसुबारसेला, पोळ्याला श्रद्धेने पुरणपोळ्या, भात, गूळ घरोघर दिला जातो. एकेका जनावराच्या पोटात एका दिवसात टोपलीभर गोड जाते. कोटीपोटात त्याचे आम्ल होते, जीवाणू मरतात, पोट फुगते, आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावणे येते. काही वेळा मी पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. एक घास द्यावा. बाकी इच्छा असेल तर लसूणघासाची पेंढी द्यावी.

३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी दिवसाला ५० रुपये अनुदानाची योजना जाहीर केली. त्याचे स्वागत आपण पेढे वाटून केले. आता प्रत्येक गोशाळेने एक कागद करावा. त्या पन्नास रुपयांतून किती किलो सुका चारा, किती हिरवा, किती पेंड आणि किती खनिज मिश्रण येते, ते त्यावर लिहावे. भाकड गाय, गाभण गाय, दुभती गाय आणि म्हातारा बैल यांचे रकाने वेगळे असावेत. सर्वांना सारखे वाटणे हा न्याय दिसतो, पण गोठ्यात तो अन्याय ठरतो. म्हातारा बैल कडब्यावर आणि मूठभर पेंडीवर सुखाने राहील. नुकतीच विलेली गाय नाही राहणार. शक्य असेल तेथे गोशाळेच्याच जमिनीत दोन गुंठे लसूणघास, बांधावर शेवरी लावली तर त्या कागदावरची बेरीज बरीच बदलते.

त्या गोशाळेचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. पेंड सुरू केली, वाळल्या चाऱ्यावर प्रक्रिया केली, पोळ्या बंद केल्या. साधारण तीन आठवड्यांत एसएनएफ वर आला. धार काढणारा तो गृहस्थ आता थकला आहे, पण संध्याकाळी गोठ्यात येऊन बसतो. गव्हाणीत काय पडले आहे हे तो मला फोनवर न विचारता सांगतो.

संयोजक घड्याळाकडे पाहत आहेत. चार वाजता येथील धारेची वेळ आहे, तेव्हा प्रश्नोत्तरे गोठ्यातच घेऊ. गव्हाणीत उरलेले पाहू, शेणात न पचलेले दाणे आणि लांब काड्या दिसतात का ते पाहू, आणि ज्यांना यायचे आहे त्यांनी पोटाखालची शीर चाचपून पाहावी. गाय ओळखीची आहे, मारत नाही. ज्यांनी आपल्या डेअरीचे गेल्या महिन्याचे उतारे आणले असतील त्यांनी ते बरोबर घ्यावेत.